गोळीचा पल्ला, सुरीचा पल्ला

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने टेक्सासहून व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. पिवळ्या गवताचा सपाट माळ, मागे बाभळीसारखी खुरटी झाडं आणि मधोमध एक काळवीट. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, शिंगं पिळाची. खाली त्याने लिहिलं होतं, "मामू, पहचानो कहाँ का है?"

मी उत्तर दिलं, "औसा-किल्लारी रस्त्याचं दिसतंय." तो खूप हसला असणार, कारण लगेच फोनच आला. ते काळवीट टेक्सासचंच होतं. आपलं हे जनावर १९३२ मध्ये तिथल्या एडवर्ड्स पठारावर नेऊन सोडलं गेलं. हवा मानवली, वाघ-लांडग्यांची भीती नव्हती, त्यामुळे संख्या वाढत गेली. तिथल्या कायद्याने ते परदेशी जनावर आहे. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की वर्षभर मारता येतं.

भाच्याबरोबर काम करणाऱ्या एका माणसाच्या घरची अशी जमीन आहे आणि त्याने भाच्याला शिकारीला बोलावलं होतं. भाच्याचे दोन प्रश्न होते. पहिला म्हणजे किती लांबून मारायचं. बंदुकीच्या दुकानातला माणूस म्हणाला होता, ही रायफल चारशे यार्डांवर हरीण सहज पाडते. दुसरा प्रश्न असा की गोळीने मेलेलं हरीण आपल्याला चालतं का?

मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झालो. पण माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, निजामाच्या काळात या भागात शिकारीला जायचे. त्यांच्याकडे ठासणीची एक बंदूक होती आणि साहेबलोकांबरोबर जाताना त्यांनी रायफलही चालवली होती. मी लहान असताना ते ओसरीवर बसून या गोष्टी सांगायचे. त्यातलं एक वाक्य माझ्या कानात अजून आहे: "गोली जाती वां तक नक्को मार रे, छुरी पोंचती वां तक मार."

भाच्याला मी तेच सांगितलं. पण तो इंजिनिअर आहे, त्याला कारण लागतं. ते शोधताना मी जे वाचलं आणि मांडलं, ते वाचकांपुढे ठेवतो. भाच्याचे दोन प्रश्न वेगवेगळे दिसतात. दादांच्या वाक्यात मात्र दोन्हींचं उत्तर एकच आहे.

गोळीचं गणित

आधी गोळीचं बघू. काळवीट खांद्यापाशी जेमतेम पाऊण मीटर उंच, वजनाने चाळीस किलोच्या आसपास. गोळी लागताच ते पटकन मरावं असं वाटत असेल तर ती पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीत, काळीज आणि फुफ्फुसं असतात तिथे बसली पाहिजे. ही जागा चहाच्या बशीएवढी आहे. तिच्या मागे पोट. पोटात गोळी बसली तर हरीण पडत नाही, पळतं. तासन् तास जिवंत राहतं आणि कुठल्यातरी ओढ्यात जाऊन मरतं. पायात लागली तर तीन पायांवर पळतं आणि रात्री कोल्ह्या-लांडग्यांच्या तावडीत सापडतं. तेव्हा किती लांबून मारायचं याचा अर्थ एवढाच, की किती लांबून आपली प्रत्येक गोळी त्या बशीत जाईल. दहापैकी सात नव्हे, प्रत्येक.

नळीतून सुटलेली गोळी त्याच क्षणापासून खाली पडू लागते. आजच्या चांगल्या रायफलीचा नेम दोनशे यार्डांवर जुळवला असेल तर शंभर-दीडशे यार्डांवर गोळी जवळजवळ नेमाच्या जागीच लागते. दोनशेवर पन्नास यार्डांचा अंदाज चुकला तरी फरक तीन-चार इंचांचा पडतो. चारशेवर तीच गोळी नेमाच्या सुमारे दोन फूट खाली गेलेली असते आणि तिथे पन्नास यार्डांची चूक झाली तर आणखी एक फुटाचा फरक पडतो. म्हणजे बशी सोडाच, अख्खं हरीण चुकतं, किंवा त्याचा पाय मोडतो.

भाचा म्हणाला, "मामू, अब अंतर नापने का यंत्र मिलता है, उससे बराबर आकडा आता." खरं आहे. पण वारा मोजायचं यंत्र हरणापर्यंतच्या सगळ्या वाटेवर लावता येत नाही. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा शंभर यार्डांवर गोळीला एक इंचही हलवत नाही, चारशेवर मात्र ती फूटभर सरकते. त्याहून मोठी गोष्ट वेळेची. चारशे यार्ड जायला गोळीला सुमारे अर्धा सेकंद लागतो. चाप ओढला त्याच क्षणी चरणाऱ्या हरणाने एक पाऊल पुढे टाकलं तर अर्ध्या सेकंदात ते दोन फूट सरकतं. छातीवर धरलेला नेम पोटात जातो. या चुकीला कितीही भारी दुर्बीण लावली तरी इलाज नाही, कारण गोळी निघाल्यानंतर हरणाच्या मनात काय येईल ते आपल्या हातात नाही.

संग्राम आणि सतरा हजार जनावरं

आता थोडं मागे जाऊ. आपल्या मुलखात बंदुकीने शिकार करणाऱ्यांना अंतराचा हा प्रश्न कसा पडत होता?

औसा आणि उदगीर हे किल्ले १६३६ मध्ये मोगलांकडे गेले आणि त्याच वर्षी शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला. मोगलांबरोबर त्यांची शिकारीची रीतही दख्खनेत आली. त्यांच्या बंदुका तोड्याच्या, नळी आतून गुळगुळीत, गोळी गोल. अशा बंदुकीने शंभर पावलांपलीकडच्या हरणाच्या छातीवर नेम धरणं म्हणजे नशिबाचा खेळ. त्यामुळे जवळ जाणं हीच शिकारीची खरी विद्या होती. मोकळ्या माळावरचं काळवीट माणसाला दुरूनच ओळखतं आणि ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंतच्या वेगाने निघून जातं. पण बैलगाडी रोज शेतात येते-जाते, तिची त्याला सवय असते. म्हणून शिकारी गाडीच्या आडोशाने चालायचे. पाळलेला चित्ताही डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतूनच कळपाजवळ न्यायचे आणि मग सोडायचे. हीच बैलगाडीची युक्ती पुढे इंग्रजांनी उचलली. दादाही तिचंच वर्णन करायचे: गाडीवाल्याने गाडी थांबवायची नाही, शिकाऱ्याने चाकाच्या आडोशाने चालायचं आणि गाडी पुढे निघून गेली की जागेवर बसून राहायचं.

अकबराच्या एका आवडत्या बंदुकीचं नाव 'संग्राम' होतं. चितोडच्या वेढ्यात जयमल तिच्याच गोळीने पडला असं मानतात. 'आईन-ए-अकबरी'त नोंद आहे की या एका बंदुकीने १,०१९ जनावरं मारली गेली. याच अकबराने १५६७ मध्ये लाहोरजवळ हजारो माणसांचा वेढा घालून महिनाभर जनावरं एका रिंगणात हाकून आणवली आणि आत शिरून पाच दिवस शिकार केली. पुढे १५७८ मध्ये झेलमकाठी भेऱ्याला असंच रिंगण तयार असताना त्याच्या मनाला काय झालं कुणास ठाऊक, त्याने शिकार थांबवली आणि सगळी जनावरं सोडून द्यायला लावली.

जहांगीर हिशेबाचा पक्का. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत स्वतः मारलेल्या जनावरांची त्याने मोजदाद करवली. ती भरली १७,१६७, त्यात पक्षी १३,९६४. त्याच्या आत्मचरित्रात दुसरीही एक नोंद आहे आणि ती वाचताना पोटात गोळा येतो. एका नीलगाईवर त्याचा नेम लागलेला असताना एक नोकर आणि दोन कहार मध्ये आले आणि नीलगाय पळाली. बादशहाने रागाच्या भरात नोकराला जागीच मारायचा आणि कहारांच्या घोट्यामागच्या शिरा कापायचा हुकूम दिला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. याच जहांगीरने मनसराज नावाच्या आपल्या पाळीव हरणाच्या कबरीवर पत्थर उभारला आणि त्या माळावर कुणी हरीण मारू नये असं फर्मान काढलं. तिथल्या हरणाचं मांस हिंदूंना गाईसारखं आणि मुसलमानांना डुकरासारखं समजावं, असं त्यात होतं. ती जागा आज पाकिस्तानात शेखुपुऱ्याला 'हिरन मिनार' म्हणून ओळखली जाते. पन्नाशीनंतर आपल्या हाताने कुठल्याही जिवाला इजा करायची नाही असा नवस त्याने केला आणि नातू शुजाच्या आजारपणात तो पाळायला घेतला.

हे सांगण्याचं कारण बादशहांचं कौतुक किंवा निंदा नाही. बंदूक हातात आली की माणूस किती जनावरं मारू शकतो ते या आकड्यांत दिसतं. ती किती मारावीत आणि कशी, हा प्रश्न त्या बंदुकीने सुटत नाही हेही त्यांच्याच नोंदींत दिसतं. दादांचं वाक्य दरबारातून आलेलं नव्हतं. ते मशिदीच्या ओट्यावरून आलेलं होतं.

फिक्हमधलं अंतर

शिकारीबद्दल फिक्हमध्ये एक पूर्ण प्रकरण असतं. त्याचा पाया आहे अदी बिन हातिम यांची हदीस. ते तय्य कबील्याचे आणि शिकारीचे शौकीन. त्यांनी पैगंबरांना (सल्ल.) बारीक बारीक प्रश्न विचारले आणि उत्तरांतून नियम तयार झाले. बाण अल्लाहचं नाव घेऊन सोडावा. टोकाने, धारेने लागून जनावर मेलं तर खावं. दांडा आडवा लागून माराने मेलं तर खाऊ नये, कारण ते ठेचून मेलेलं असतं. बाण लागलेलं जनावर पाण्यात पडून मेलेलं सापडलं तर खाऊ नये, कारण ते बाणाने मेलं की बुडून, हे सांगता येत नाही.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी ठेवाव्या लागतात. एक म्हणजे ती हदीस, जिच्यात प्रत्येक कामात एहसान, म्हणजे काम उत्तम आणि दयेने करणं, बंधनकारक सांगितलंय. जिबह करतानाही सुरी धारदार असावी आणि जनावराचे हाल होऊ नयेत. दुसरी म्हणजे खडे भिरकावण्याची मनाई. त्याचं कारण असं सांगितलं की खड्याने शिकार मरत नाही, शत्रू जायबंदी होत नाही, नुसता कुणाचा दात पडतो नाहीतर डोळा फुटतो. शंभरात पंचवीस वेळा लागेल अशा अंतरावरून मारलेली गोळी मला त्या खड्यासारखीच वाटते. तिसरी गोष्ट सूरह माइदातली. एहरामच्या अवस्थेत शिकार मना आहे, आणि तिथे सांगितलंय की शिकार तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात आणून तुमची परीक्षा घेतली जाईल. हात पोहोचतो म्हणून मारायचं नाही, असा तो धडा. आजच्या रायफलीने हा टप्पा चारशे यार्डांवर नेला. परीक्षा तीच राहिली.

बंदूक आली तेव्हा उलेमांपुढे नवा पेच आला. गोळी बाणासारखी धरायची की खड्यासारखी? जुन्या ग्रंथांत 'बुंदुका' म्हणजे मातीची भाजलेली गोळी. तिने मेलेलं जनावर ठेचून मेलेलं, म्हणून नाजायज. दमिश्कचे इब्ने आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी शिशाच्या गोळीलाही तोच हुकूम लावला, कारण ती धारेने कापत नाही, जोराने आणि जाळत आत घुसते. येमेनचे शौकानी (मृत्यू १८३४) यांचं मत उलट: गोळी अंग भेदून आत जाते, म्हणून ती बाणासारखीच. मालिकी उलेमांतही जायज म्हणणारे होते आणि विसाव्या शतकात युसूफ करजावींनी तेच मत मांडलं. हिंदुस्थानातल्या हनफींमध्ये मात्र इब्ने आबिदीन यांच्या मताचा प्रभाव मोठा राहिला: गोळी लागलेलं हरीण जिवंत हाती लागलं आणि जिबह झालं तरच हलाल.

हाच नियम अंतराला लावून बघा. दादांना हरणाच्या छातीत गोळी मारायची होती, म्हणजे त्याच्याजवळ काही सेकंदांचाच जीव उरणार. तेवढ्या वेळात सुरी घेऊन पोहोचायचं. ऐंशी पावलांवर तरणा माणूस बारा-पंधरा सेकंदांत पोहोचतो. चारशे यार्डांवर, ढेकळांतून आणि काट्यांतून, दीड-दोन मिनिटं लागतात. गोळीला अर्धा सेकंद आणि माणसाला दोन मिनिटं. या दोन आकड्यांत जी दरी आहे तिच्यात हरीण एकटंच तडफडत पडलेलं असतं. दादा 'छुरी पोंचती वां तक' म्हणायचे त्याचा अर्थ हा.

इथे एक वाईट पळवाटही निघते आणि ती काही जण काढायचे. हरीण जिवंत हाती लागावं म्हणून मुद्दाम मागच्या पायात मारायचं. दादा अशांबरोबर पुन्हा कधी गेले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हलालसाठी हाल केले तर हलाल कसलं? नेम छातीवरच धरायचा, जवळून धरायचा, आणि धावायचं. पोहोचण्याआधी जीव गेला तर ते हरीण आपलं नाही. गावात ज्यांना चालतं त्यांच्या घरी ते पोहोचवलं जायचं. दादा रिकाम्या हाताने परत यायचे आणि दादी काही विचारायची नाही.

हनफी ग्रंथांत बाणाच्या शिकारीबद्दल आणखी एक नियम आहे. जखमी जनावर नजरेआड गेलं तर शोधत राहावं. न थांबता शोधल्यावर ते आपल्याच बाणाने मेलेलं सापडलं तर चालतं. शोध सोडून माणूस बसला आणि नंतर ते सापडलं, तर चालत नाही. म्हणजे बाण सुटला की जबाबदारी संपत नाही, तिथून ती सुरू होते. दादा हा नियम बंदुकीलाही लावायचे. एकदा ते एका जखमी हरणीच्या मागे दुपारपासून रात्रीपर्यंत फिरले. सापडली नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी साठ पावलांची हद्द ठरवली.

साहेबांची रायफल

१८५३ नंतर हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या आपल्या भागात पक्क्या झाल्या. हिंगोली, जालना आणि औशाहून लातूरमार्गे साधारण पाऊणशे किलोमीटरवरचं मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई. या छावण्यांतल्या अधिकाऱ्यांना रिकामा वेळ होता आणि भोवती काळवीट-चिंकाऱ्यांनी भरलेले माळ होते. कंटिंजंटमध्ये नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन यांनी दख्खनमधल्या शिकारीवर एक पुस्तकच लिहिलं, ते १९२८ मध्ये निघालं.

त्याआधी, १८६० च्या दशकात, मध्य प्रांतात नोकरीला असलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी शिकारी रायफलीवर पुस्तक लिहिलं होतं. त्यांचा मुख्य मुद्दा आपल्या विषयाचाच आहे. रानात माणसाचा अंतराचा अंदाज चुकतोच. म्हणून लांब फेकणारी रायफल शोधण्याऐवजी अशी घ्यावी, की जिथे बहुतेक शिकार होते त्या शे-दीडशे यार्डांच्या आत गोळी शक्य तितकी सरळ जाईल आणि अंदाज चुकला तरी जनावर जखमी होऊन सुटणार नाही. फोर्सिथना फिक्ह ठाऊक असायचं कारण नाही. पण विचार करत ते दादांच्या जवळपास येऊन पोहोचले.

पुढे धूर नसलेली दारू आली आणि लांब, टोकदार गोळी आली. ली-एनफिल्ड रायफलीच्या नेमपट्टीवर २,००० यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले असायचे. ते आकडे शत्रूच्या पलटणीवर गोळ्यांचा पाऊस पाडण्यासाठी होते, एका हरणासाठी नव्हते. पण पट्टीवर आकडा दिसला की बोट तिकडे जातं. साहेबांना मांसापेक्षा शिंगं हवी असायची. त्या काळच्या इंग्रजी शिकारकथांत एक प्रसंग वरचेवर येतो. हरीण पडतं, बरोबरचा मुसलमान शिकारी सुरी काढून धावतो, आणि साहेब मागून ओरडतो की मान वरून कापू नकोस, भिंतीवर लावायचं डोकं खराब होईल. साहेबांना त्याची घाई हास्यास्पद वाटायची. मला वाटतं, त्या माळावर हरणाची घाई खरं तर त्याला एकट्यालाच होती.

जीप, दिवा आणि कायदा

मग १९४८ आलं. आधी रझाकारांनी गावोगाव जे केलं ते, आणि पोलिस ॲक्शननंतर लातूर-उस्मानाबाद भागातल्या मुसलमानांवर जे गुजरलं, ज्याची नोंद पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, ते. त्या दिवसांत बंदुका माणसांवर रोखल्या गेल्या. दादांनी आपली ठासणीची बंदूक जमा केली आणि परत मागितली नाही. वडील म्हणायचे की परवाना पुन्हा काढू. दादा म्हणाले, "अब उसको हात लगाने का जी नै होता."

इकडे माळावर जीप आली. पुढच्या वीस वर्षांत हरणांचं जे झालं ते शेकडो वर्षांत झालं नव्हतं. रात्री जीपला मोठा दिवा लावायचा, उजेडात हरीण दिपून उभं राहतं, मग मारत सुटायचं. अंतर जवळचंच असायचं, पण सुरी घेऊन धावणं, जखमी जनावर शोधणं, हे काही उरलं नाही. अंधारात जखमी होऊन गेलेलं हरीण अंधारातच राहायचं. म्हणून नुसतं जवळून मारणं पुरेसं नाही. दादांच्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'पोंचती' हा आहे.

शेवटी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट आणि चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. मारलं तर किमान तीन वर्षं कैद. पुढे नान्नज आणि रेहेकुरीला अभयारण्यं झाली. आज औशाच्या आसपास हरभऱ्यात, सोयाबीनमध्ये कळप दिसतात. शेतकरी वैतागलेला असतो आणि त्याचा वैताग खोटा नाही, एका रात्रीत कोवळं पीक साफ होतं. वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. रोही आणि रानडुकराबाबत परवानगीचे नियम आहेत, काळवीटाबाबत नाहीत. माझ्या मते ते बरोबर आहे. इथे अंतराचा प्रश्नच उरलेला नाही. औशात हरणावर बंदूक रोखायचं योग्य अंतर कुठलंच नाही, आणि हे आपल्या तरुणांनी मित्रांच्या नादाला लागण्याआधी नीट लक्षात ठेवावं.

भाच्याची बशी

भाच्याच्या गावी मात्र प्रश्न खरा होता. मी त्याला सांगितलं की हलाल-हरामचा निर्णय तुझ्या मशिदीच्या इमामांना विचार, मी मुफ्ती नाही. गोळीबद्दल दोन मतं आहेत. पण कुठलंही मत धरलंस तरी अंतर वाढत नाही. गोळीने मेलेलं जायज मानणाऱ्यांनाही एहसानची हदीस लागू आहे. ती पोटात गोळी घेऊन पळणाऱ्या हरणाला माफ करत नाही.

मग अंतर ठरवायचं कसं? मी म्हणालो, दुकानदाराला विचारू नकोस, बशीला विचार. सहा इंचांची कागदी बशी लाव. टेबलावर रेतीची पिशवी ठेवून नको, रानात बसशील तसा बस, गुडघा टेकून. थोडं धावून ये, दम लागलेला असू दे. मग पाच गोळ्या मार. पाचही बशीत गेल्या तर मागे सरक. एक जरी बाहेर गेली तर तिथून पुढे यायचं. जे अंतर निघेल ते तुझं, रायफलीचं नाही. वारा असेल तर त्यातून कमी कर. हरीण चालत असेल तर मारू नकोस. आणि त्या अंतरावरून एकदा धावून बघ, किती वेळ लागतो.

पंधरा दिवसांनी बशीचे दोन फोटो आले. शंभर यार्डांची बशी, पाच भोकं, सगळी आत. दोनशे यार्डांची बशी, तीन भोकं, दोन गोळ्या बाहेर. खाली लिहिलं होतं, "मामू, मेरा सौ यार्ड. दौडने को पच्चीस सेकंड लगे, सांस फूल गई."

त्यानंतरच्या शनिवारी तो त्या जमिनीवर गेला. पहाटेपासून एका झुडपामागे बसला होता. नऊच्या सुमारास कळप आला, आठ हरणी आणि एक काळवीट. यंत्राने अंतर दाखवलं दोनशे तीस. मित्र कानाशी म्हणत होता, मार, सहज आहे. भाचा थांबला. कळप तासभर तिथेच चरला, जवळ आला नाही, मग वाऱ्यावर काहीतरी वास लागला आणि उधळला. मित्र नाराज झाला. भाचा रिकाम्या हाताने घरी आला.

त्या रात्री त्याने फोन केला तेव्हा आवाजात थोडी खंत होती. मी त्याला दादा-दादीची गोष्ट सांगितली, रिकाम्या हाताने परत येण्याची. तो म्हणाला, "दादी कुछ पूछती नै थी, तुम ने बताया था. पर मेरी बीवी ने पूछा."

"फिर क्या बोला?"

"बोला, साठ पावलं वाले खानदान का हूँ."